जुन्या पिकअपचा ब्रेक : आधी दुरुस्ती, मग सुधारणा, बूस्टर सर्वांत शेवटी



आपल्या कार्यक्षेत्रात वाड्या-वस्त्यांवर जीप घराण्यातल्या जुन्या पिकअप गाड्या अजून चालत्या आहेत. वडिलांच्या वेळची गाडी, मोडवत नाही आणि मोडायची गरजही नाही. आडसालीच्या लागणीला बेणे आणणे, सोसायटीतून खताची पोती नेणे, विहिरीवरची मोटर दुरुस्तीला टाकणे, ही कामे ती बिनतक्रार करते. इंजिनाला खर्च होतो, टायरला होतो, रंगालाही होतो. ब्रेकची गोष्ट निघाली की मात्र, “दोन पंप मारले की लागतो की!” एवढ्यावर विषय संपतो.

गट ऑफिसात बसले असता आम्हांला अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. “साहेब, जुन्या गाडीला बूस्टर बसवून घेऊ का?” ऊसविकास खात्याचा आणि ब्रेकचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण बेणे वाहतुकीच्या वेळी आणि गळीत हंगामात याच रस्त्यांवर बैलगाड्या असतात, डबल ट्रॉल्या असतात, तोडणी मजुरांची पोरेबाळे पहाटेच्या अंधारात चालत असतात. तेव्हा हा विषय आपल्या सर्वांचाच आहे. वरील प्रश्नाचे आमचे उत्तर थोडक्यात असे, की बूस्टर बसवायला हरकत नाही, पण तो सर्वांत शेवटी. त्याच्या आधी तीन पायऱ्या आहेत आणि त्या गाळून बूस्टर बसवला तर पैसे जातात, धोका तसाच राहतो. कसे ते पाहू.

दहा सऱ्यांचा फरक

गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही दिसले, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेली. त्यानंतर ब्रेक चांगला असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी आणखी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. ब्रेकची ताकद निम्मी असेल तर तेच अंतर सुमारे २५ मीटर होते. फरक १२ मीटरचा, म्हणजे ४० फुटांचा. चार फुटी सरीच्या हिशेबात दहा सऱ्या! या दहा सऱ्यांमध्ये रस्त्यावर कोण उभे आहे, यावर सारे अवलंबून आहे. वेग ६० केला तर हाच फरक १२ चा २८ मीटरवर जातो, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

आता उष्णतेचे पाहू. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. भरलेली गाडी २,५०० किलोची धरली, तर ती ४० च्या वेगातून एकदा थांबवताना अर्धा लिटर साधे पाणी उकळीला येईल इतकी उष्णता चार ड्रमांत तयार होते. ६० च्या वेगातून थांबवली तर सव्वा दोन पट. यूरियाची ४५ किलोची २० पोती टाकली की ९०० किलो वजन झाले. घाट उतरताना किंवा गर्दीच्या रस्त्याने असे दहा-वीस वेळा ब्रेक मारले, तर ती उष्णता जाणार कुठे? ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते, आणि पायडल खाली खाली जाऊ लागते. “गरम झाल्यावर ब्रेक लागत नाही” असे आपण म्हणतो ते हेच.

जुन्या गाडीची मूळ रचना

आपल्याकडची जीप अमेरिकेतील विलीज कंपनीच्या आराखड्यावरची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगाव येथे तिची जुळणी सुरू केली. विलीजची मोठी पिकअप अमेरिकेत १९४७ ते १९६५ या काळात निघाली. त्या पिढीच्या गाड्यांत ब्रेकची रचना साधारण एकसारखी होती. चारही चाकांना ड्रम, पायाखाली फळीच्या खालच्या बाजूस चासीला एकच मास्टर सिलिंडर, त्यातून निघालेली एकच तेलाची लाइन आणि तिचे चार फाटे. छोट्या जीपचे ड्रम ९ इंच व्यासाचे. हँड ब्रेक चाकांना नसून गिअरपेटीच्या मागे, शाफ्टवर. बूस्टर नाही.

या रचनेतला सर्वांत मोठा दोष कोणता? आपल्या उपसा योजनेवरून लगेच समजेल. नदीवरून एकच पाइपलाइन आली आणि तिच्यावर चार शेते भिजतात. एका शेताच्या तोंडाशी जोड फुटला, की चारही शेते कोरडी. ब्रेकचेही तसेच. एका चाकाचा रबरी होज फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचा वायसर गेला, की दाब त्या भोकातून निघून जातो आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पायडल थेट फळीला टेकते. मग पायाला कितीही जोर असो, बूस्टर असो वा नसो, उपयोग शून्य.

म्हणूनच अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटारगाड्यांना दोन स्वतंत्र लाइनी सक्तीच्या झाल्या. पुढच्या चाकांची एक, मागच्या चाकांची दुसरी. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. अंतर जास्त लागेल, पण गाडी थांबेल.

पायरी पहिली : आहे ते ठाकठीक करा

नवीन वस्तू आणण्याआधी चारही चाके उतरवा आणि ड्रम काढा. पुढील गोष्टी मिस्त्रीसमोर उभे राहून पाहाव्यात.

व्हील सिलिंडरचे रबर बोटाने उचलून पाहा. आत ओल दिसली तर ते गळते आहे. हबचे ऑइल सील गेले असेल तर लायनरवर ग्रीस किंवा ऑइल येते. असे भिजलेले लायनर घासून पुन्हा वापरू नयेत, दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. ड्रमला लेथवर कट मारताना कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

जुन्या गाडीचे ब्रेक आपोआप अॅडजस्ट होत नाहीत. लायनर झिजले की बाहेरून अॅडजस्टर फिरवून शू ड्रमजवळ आणावे लागतात. “दोन पंप मारल्यावर लागतो” याचा अर्थ पुष्कळ वेळा एवढाच असतो. पायडलला वरच्या बाजूस अर्धा इंच मोकळी चाल हवी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधील परतीचे भोक उघडत नाही, तेल मागे येत नाही आणि ब्रेक धरून राहतात.

ब्रेक ऑइलकडे कोणी पाहत नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून दर दोन वर्षांनी सर्व ऑइल काढून नवे भरावे. उघड्या डब्यातले उरलेले वापरू नये.

आणखी एक सूचना. ब्रेकची रबरे डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलने कधीही धुऊ नयेत. ती फुगतात आणि सिलिंडरमध्ये अडकतात. धुवायचेच तर ताज्या ब्रेक ऑइलने धुवावीत.

एवढे केल्यावर निम्म्या गाड्यांच्या मालकांना पुढचा खर्च नको वाटेल. तरी पुढची पायरी सोडू नये, असा आमचा आग्रह आहे.

पायरी दुसरी : दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर

ज्याच्यापाशी एकाच सुधारणेपुरते पैसे आहेत त्याने ही करावी. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी करावी. त्याबरोबर जुन्या गंजलेल्या नळ्या आणि सर्व रबरी होज नवे घालावेत. नवा सिलिंडर आणि जुन्या नळ्या म्हणजे नवा पंप आणि जुनी कुजकी पाइपलाइन. दाब वाढला की ती फुटणारच.

नळी ब्रेकसाठीच बनवलेली स्टीलची हवी आणि तिचे तोंड दुहेरी दुमडून बसवलेले हवे. साध्या तांब्याची नळी वाकवायला सोपी जाते म्हणून काही जण ती घालतात, परंतु हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. फुटलेल्या नळीला झाळ देऊन जोडणे हा तर जीवाशी खेळ आहे.

सिलिंडरचे माप निवडताना एक हिशेब समजून घ्या. पायाचा जोर ३० किलो, आणि पायडलची तरफ सहापट, म्हणजे सिलिंडरच्या दट्ट्यावर १८० किलो. सिलिंडर १ इंच व्यासाचा असेल तर तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो येतो. तोच पाऊण इंचाचा असेल तर सुमारे ६३ किलो. म्हणजे लहान सिलिंडर जास्त दाब देतो, पण तेल कमी ढकलतो, त्यामुळे पायडल लांब जाते. मोठा सिलिंडर पायडल आखूड ठेवतो, पण पायाला जड लागतो. “मोठा तो चांगला” असे इथे नाही. ज्या गाडीचा मास्टर सिलिंडर आणायचा, तिच्या चाकांचे सिलिंडर आपल्याशी जुळतात का, हे मिस्त्रीला विचारूनच वस्तू घ्यावी.

मास्टर सिलिंडर फळीखालीच ठेवणार असाल तर गाडी उभी असताना तेल चाकाकडून मागे ओघळू शकते. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब राखून धरणारा व्हॉल्व्ह लागतो. ड्रमसाठी दर चौरस इंचाला १० पाउंडांचा, डिस्कसाठी २ पाउंडांचा. यांची अदलाबदल झाली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. ड्रमसाठी केलेल्या काही मास्टर सिलिंडरांत हा व्हॉल्व्ह आतच असतो, तोही पाहून घ्यावा.

पायरी तिसरी : मोठे ड्रम किंवा पुढे डिस्क

ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाकेच करतात. सुधारणा करायची तर पुढून सुरुवात करावी.

सोपा मार्ग मोठ्या ड्रमचा. छोट्या जीपचे ड्रम ९ इंच व्यासाचे आणि लायनर पावणेदोन इंच रुंद. या घराण्याच्या नंतरच्या गाड्यांना ११ इंची ड्रम आणि २ इंच रुंद लायनर आले. घासणारे क्षेत्र त्यामुळे सुमारे ४० टक्के वाढते. दुसरा मार्ग डिस्कचा. अमेरिकेत जीपच्या सीजे गाडीला पुढे डिस्क १९७७ पासून मिळू लागल्या. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते, आणि ओढ्यातून गाडी काढल्यावर पाणी झटकन फेकून देते. ड्रममध्ये पाणी शिरले की बराच वेळ ब्रेक लागत नाही, हा अनुभव पावसाळ्यात पुष्कळांना असेल.

पण डिस्कची एक अट आहे. ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाला आपोआप मदत मिळते. डिस्कमध्ये अशी मदत नाही, तिला दाब जास्त लागतो. म्हणून डिस्क बसवली आणि बाकी सारे जुने ठेवले, तर पायडल दगडासारखे लागते आणि मालक म्हणतो, “नव्यापेक्षा जुना बरा होता.” शिवाय कॅलिपर चाकाच्या रिमला घासतो का, हे आधी रिम चढवून पाहावे. वेल्डिंग करून घरी केलेल्या पट्टीवर कॅलिपर लटकवू नये.

मागे ड्रमच राहू द्यावेत. रिकामी पिकअप मागे हलकी असते. मागचा ब्रेक जोरात लागला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीचे शेपूट आडवे फिरते. हौदा भरला की हीच चाके जास्त काम करू शकतात. म्हणून मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घालतात. तो बसवताना गाडी रिकामी ठेवून, मोकळ्या मैदानात, कमी वेगात तपासावे. पुढची चाके मागच्यांच्या आधी जाम झाली पाहिजेत.

पायरी शेवटची : बूस्टर

आता बूस्टर. त्यात एक पडदा असतो. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेते, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा दाब देते. ९ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा फरक मिळाला, तर २८० किलोची मदत होते. म्हणजे बूस्टर पायाचे कष्ट कमी करतो. झिजलेले लायनर तो भरून काढत नाही, ड्रम थंड करत नाही, आणि फुटलेल्या नळीतून तेल अधिक जोराने बाहेर काढतो. तो शेवटी बसवायचा तो याच कारणाने.

आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या पेट्रोल जीपगाड्यांना पुढे डिझेल इंजिने बसवली गेली. इथेच घोटाळा होतो. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ मिळते. साध्या डिझेल इंजिनात ती पुरेशी मिळत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुतेक ठिकाणी तो आल्टरनेटरच्या मागे असतो. पंप नसताना डिझेल गाडीला बूस्टर बसवला, तर तो नुसता डबा आहे. शिवाय बूस्टर धरून पायडलची तरफ सहापटीऐवजी साधारण चारपट ठेवतात. त्यामुळे बूस्टर काम करेनासा झाला, तर ब्रेक पूर्वीपेक्षाही जड लागतो.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पायडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पायडल थोडे खाली गेले तर बूस्टर चालू. न गेले तर पंप, होज किंवा व्हॉल्व्ह पाहावा.

आणि एक सवय सोडावी लागेल. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे चालक आहेत. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक लागेल एवढीच शिल्लक राहते. चौथ्या वेळी काय होईल ते सांगायला नको. उतारावर गाडी गिअरमध्येच हवी.

काम झाल्यावर

लाइनीतली हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. मग गाडी उभी असतानाच पायडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे, गाडी रस्त्यावर नेऊ नये. नवे लायनर बसायला वेळ लागतो. ४० च्या वेगातून वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक मारावा, मध्ये थंड होऊ द्यावे. नंतर चारही ड्रमांजवळ हात नेऊन पाहावे. एकच जास्त तापले असेल तर तो ब्रेक धरतो आहे. मागचा तांबडा दिवा लागतो की नाही, हे न विसरता पाहावे. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याला तीच सूचना असते.

शाफ्टवरचा हँड ब्रेक गाडी उभी केल्यावर लावण्यासाठी आहे, चालत्या गाडीत ओढण्यासाठी नाही. उतारावर तेवढ्यावर भिस्त न ठेवता चाकाला दगड लावावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्यावे, आणि सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

२०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात ठेवलेली असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वाहतुकीला वापरता येत नाही. तेव्हा गाडी हौसेने जपायची, की तिच्यातून बेणे-खत वाहायचे, हे आधी ठरवावे आणि मगच पैसे घालावेत.

शेवटी एवढेच. आडसालीचे बेणे वाहायला सुरुवात होण्यापूर्वी, निदान मोळी पडण्यापूर्वी तरी, गाडी दोन दिवस मिस्त्रीकडे उभी करा. चारही ड्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि ब्रेक कितीही सुधारला तरी हौद्यात माणसे बसवू नका. पोते खाली पडले तर पुन्हा उचलता येते.

— ऊसविकास अधिकारी